पान उलटताना

टुकुयूच्या उतारावर, केळीच्या बनात
सतरावा प्रश्न मी हळूच विचारला.
तुसेकिले शेंगा सोलत राहिली.
"कितीदा? म्हणजे, मोजून सांगू?"

तेवढ्यात कुंपणाशी सायकल खडखडली.
मी पान उलटलं.
असं कुणी आलंच तर, म्हणून छापलेलं पान.
"बाळाला लापशी दिवसातून किती वेळा?"
"दोनदा," ती म्हणाली, पापणी न लववता.
तिचा धाकटा सातवीत आहे.

तो पाणी प्यायला, हसला, गेला.

मग सुपातला एकेक दाणा
ती बाजूला सारू लागली.
माझ्या कागदावर चौकटी तीनच:
कधीच नाही, एकदोनदा, पुष्कळदा.
पेन मी केव्हाच खाली ठेवलं होतं.

"थांब," ती म्हणाली,
"अजून मार्चच चाललाय."