चार नंबरवरचा वारा

आधी नॉब चारवर.
आवाज होतो, म्हणजे मोटर जिवंत आहे.
आवाज होतो, वारा येत नाही,
आमच्या सोसायटीच्या सभेसारखं.

गाडी दोनशे सात, मॉडेल दोन हजार सहाचं,
मागे अंड्यांचे एकशे वीस ट्रे,
पुढे महाप्यापासून शिळफाट्यापर्यंत नुसता श्रावण,
आणि काच आतून इतकी दुधाळ
की टँकरचा लाल दिवा
पाण्यात विरघळणाऱ्या पिंजरेसारखा.

सखाहरी असता तर त्याने बटाटा कापला असता.
अर्धा काचेवर फिरवायचा,
अर्धा रात्रीच्या भाजीत.
अकरा वर्षं त्याने ही गाडी अशीच हाकली:
बटाटा, नाहीतर तंबाखूची पुडी,
खिडकी चार बोटं खाली, उजवी बाही भिजलेली.
मी म्हणायचे, दुरुस्त करून घे की रे.
तो म्हणायचा, ताई, जुन्या गाडीचं एवढं चालायचंच.

आता तो सेलूला, गावी. चावी माझ्याकडे.
लायसन्स आधीही होतं.

तुर्भे स्टोअरच्या मागे तौसिफचं गॅरेज,
म्हणजे एक ताडपत्री आणि तो.
वय एकोणीस. बोलतो गाडीशी, ऐकायचं मी.
माझ्या बिलबुकातलं पातळ गुलाबी पान फाडलं त्याने.
पायाशी धरलं: फडफडलं.
छातीच्या जाळीशी धरलं: हललं.
काचेपाशी धरलं: मेलं.
झडप असेल, म्हणाला.

नॉब फिरवला. डॅशबोर्डच्या पोटात टक्.
केबल शाबूत, झडप शाबूत.
मग बॉनेट उघडून काचेखालची जाळी.
बदामाची कुजकी पानं, बाटलीचं झाकण,
एक मूठ, दोन मुठी, शेवटी घमेलंच मागवलं.
मग ग्लोव्ह बॉक्स उतरवला,
पंखा खाली काढला,
त्याच्या पिंजऱ्यात कोंबडीची पिसं,
ओली, राखी, ट्रेच्या पुठ्ठ्याचा भुसा चिकटलेला.
धंदा माझा, कचराही माझाच.
जुन्या टूथब्रशने एकेक पातं घासलं मी.
पुन्हा चारवर.
पान हललं जरासं,
झोपेत कुणी कूस बदलावी इतकंच.

तेव्हा त्याने कोपरापर्यंत हात घातला आत,
डोळे मिटले, जीभ दातात,
आणि ओढून काढला
पंचा.
निळ्या चौकटीचा. चौपदरी.
कडेने दोऱ्याचे वेढे, वाजू नये म्हणून.

उंदीर घडी घालत नाही, तौसिफ म्हणाला.

ग्लोव्ह बॉक्समधलं सामान सीटवर पडलं होतं:
पीयूसी, उदबत्तीचा पुडा,
डोळ्यांच्या थेंबांच्या तीन रिकाम्या बाटल्या
आणि वाशीच्या दवाखान्याचा कागद, पाच वर्षांपूर्वीचा.
डोळे कोरडे. थेट वारा टाळावा.
खाली सखाहरीची सही, शाळकरी.

पाच वर्षं. आठवड्याच्या सहा रात्री.
मी तिथेच उभ्याउभ्या हिशेब मांडला
आणि मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू.
पारसिकच्या उतारावर तो नेमकं काय बघत होता?
आणि मला सांगितलं असतं
तर मी काय केलं असतं,
तेही मला नीट माहीत होतं.

फोन लावला. हॅलो म्हणण्याआधी बैल हंबरला.
काच साफ होते का आता, त्यानेच विचारलं.
होते, म्हटलं.
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग म्हणाला, वायपरचं डावं पातं बदला ताई,
ते खरवडतं.

पहाटे चारला ऐरोलीच्या बेकऱ्यांकडे निघाले.
नॉब चारवर.
वाफ खालून सुटत गेली,
आधी नखाएवढी, मग तळव्याएवढी,
मग दिव्यांखालचा अख्खा रस्ता, त्याच्या खड्ड्यांसकट.
डोळ्यांत वारा असा लागला की पाणी आलं.

डावा कोपरा अजून धुरकट राहतो.
आतला फोम विटलाय, गुरुवारी आणतो म्हणाला तौसिफ.
तोवर डॅशबोर्डवर अर्धा बटाटा ठेवलाय,
आणि पंचा धुऊन
सगळ्यात खालच्या ट्रेखाली,
जिथे हादरा जास्त बसतो.