पासंग

सियागंजात पाइपांच्या अन् नटबोल्टांच्या ढिगांतून वाट काढत
जिना चढला की मुर्तझाभाईंचं दुकान. काटे विकतात.
वजनाचे.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे मेल लिहायला जाते,
चार हजार तीनशे बारा गिऱ्हाइकांना एकदमच,
आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हिने मलाच लिहिलं.

विषयाची ओळ सात शब्दांत बसवायची.
आठवा शब्द फोनच्या काठावरून खाली पडतो.
'सुवर्णसंधी' लिहिलं की मेल कचऱ्यात.
'फक्त आजच' लिहिलं की मुर्तझाभाईच विचारतात,
"का? उद्या दुकान बंद आहे?"

माझे काका तुकोगंजच्या एका पेढीत पत्रं लिहायचे.
'आपले कृपापत्र पावले', इथून सुरुवात.
कुणाची मुलगी बाळंत आहे, कुणाचा भाऊ वारला,
ते आधी विचारायचं. दोरखंडाचा भाव चौथ्या ओळीत.
दिवसाला नऊ पत्रं होत. माझी नऊ सेकंदांत जातात.

एकदा मुर्तझाभाईंनी जुन्या तराजूचं पारडं उलटं करून दाखवलं.
खाली शिशाचा तुकडा, लाखेने चिकटवलेला. पासंग.
"हा लावावा लागला ना, मॅडम, की समजायचं
दांडी मुळातच वाकडी."
मी घरी येऊन माझे 'अत्याधुनिक' मोजले. एका मेलमध्ये तीन.

त्या शुक्रवारी सगळे खरवडून काढले.
उरलं ते एवढंच: नवा काटा दोन मिलिग्रॅमचा फरक ओळखतो,
आकडे मोठे आहेत, जुना काटा परत घेऊ, पत्ता तोच.
आणि तळाशी 'टीम'च्या जागी माझं नाव, शर्वाणी मुजुमदार.

सोमवारी हिशेब आला.
उघडली नऊशे चाळीस जणांनी. नाव काढा म्हणाले सहा.
उत्तर एक. देवासहून. मराठीत.

'सौ. की कु. ते कळत नाही, म्हणून नुसतं शर्वाणीताई.
मुर्तझाच्या वडिलांकडून सत्त्याऐंशी साली औषधांचा काटा नेला.
भस्मं, चूर्णं, सगळं त्यावरच तोललं.
काटा अजून बरोबर आहे. मग नवीन कशाला घेऊ?
त्र्यंबक खासगीवाले.
ता. क. पत्र आवडलं. थोडक्यात होतं.'

मी वाचून अर्थ सांगितला. मुर्तझाभाईंनी चष्मा काढून पुसला,
आणि दुकानदार जागा झाला.
"हेच पाठवा. सगळ्यांना. याच्यापुढे तुम्ही काय लिहिणार?"

खरं होतं. छत्तीस वर्षं टिकलेला काटा,
'मग नवीन कशाला घेऊ?'
चार शब्द, आणि त्यात माझा एकही नाही.
पण ते त्यांनी मला लिहिलं होतं,
उरलेल्या चार हजार तीनशे अकरांना नाही.
एका ओळीत परवानगी मागितली.

मंगळवार गेला. मुर्तझाभाई म्हणाले, म्हातारी माणसं,
रोज थोडीच मेल बघतात, टाका पाठवून.
मी चहा मागवला. गार होऊ दिला. दुसरा मागवला.

गुरुवारी रात्री उत्तर आलं.
'पाठवा. पण दुरुस्ती करून.
काटा बरोबर आहे, पण गेली दोन वर्षं
त्याची सुई मला दिसत नाही. नात वाचून सांगते.
तेही घाला. अर्धं सांगून माल विकू नये.'

घातलं. विषयाची ओळ झाली:
काटा बरोबर आहे, मला दिसत नाही, नवीन कशाला घेऊ
नऊ शब्द. हिंदीत केली तरी नऊच.
दोन जास्त. एकही काढवेना.

शुक्रवारी मुर्तझाभाईंनी स्वतःच्या फोनवर उघडून बघितली.
हात लांब धरून, डोळे बारीक करून.
काठापर्यंत जेवढं मावलं तेवढं मोठ्याने वाचलं,
"कांटा सही है, मुझे दिखता नहीं, नया..."
थांबले. माझ्याकडे बघितलं.
"आगे?"

पुढचं खाली पडलं होतं.
मी काही बोलले नाही.