चौथा चॅनेल

ओझुरगेतीच्या संस्कृतिभवनात, शेगडीपासून हातभर लांब,
निळी पेटी जोडून बसलेय.
पेटीला भोकं आठ.
संगणक म्हणतो, दोन.
डावा आणि उजवा, बाकी मला माहीत नाही.

चार म्हातारे बाकावर हेझलनट फोडताहेत.
शाल्वा विचारतो, अडलंय कुठं?
ड्रायव्हर मिळत नाही, मी म्हणते.
तो खिडकीतून खाली बघतो.
हा काय, गुराम आहे की. गाडी लावून चहा पितोय.

जुना काढते, नवा घालते, यंत्र बंद करून चालू करते.
ये रे माझ्या मागल्या:
डावा, उजवा.

मग खणत गेले खाली,
तर माझ्या आधीच्या बाईनं कधीकाळी घातलेला
दुसऱ्याच कुठल्या पेटीचा ड्रायव्हर
मेल्यावरही दार धरून बसलेला.
घोडं तिथं पेंड खात होतं.

साडेचारला दिवे मंद झाले, सावरले,
आणि पडद्यावर एकाखाली एक
आठ.
मी मोठ्यानं मोजले.
कार्लोनं टोपी काढली, का ते त्यालाच ठाऊक.

पुढं बफरचं भांडण.
वाढवावा, तर स्वतःचा आवाज
परगावाहून आल्यासारखा उशिरा कानात.
कमी करावा, तर तडतड,
शेगडीतलं ओलं लाकूड की वायर, कळेना.
पाचशे बारा. एकशे अठ्ठावीस. परत दोनशे छप्पन्न.
इथं राहू दे, म्हटलं. सहा मिलिसेकंदांवर
कुणी फिर्याद करणार नाही.

चौघं गायले. मका खुरपताना गायचं, ते.
भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

रात्री एकटीनं एकेक सुटं करून ऐकलं.
शाल्वा: कोंबड्यासारखा कौलावर चढलेला.
दोमेन्ती: शब्द सगळे त्याच्याकडे.
कार्लो: ज्याच्यावर बाकीचे उभे.
सेवेरियान: काहीच नाही.

वायर बदलली. ड्रायव्हरला शिव्या घातल्या, पुन्हा.
मग आवाज वाढवला, वाढवतच गेले.
कोटाची सळसळ, दातात अडकलेलं टरफल,
शेजाऱ्यांचे सूर, दाराआडून यावेत तसे.
आणि श्वास.
तीस वर्षं शेवटच्या खुर्चीवर बसतोय हा माणूस.
रेडिओवाले दोन माईक घेऊन यायचे.
दोनांत कुणाला कळणार?

चौथा बंद केला.
तिघं बरोबर उचलतात, चूक काही नाही,
पण उचलतात कशावरून, ते कळेना.
चालू केला. रेघा मोठ्या करून पाहिल्या.
प्रत्येक ओळीआधी तो एक श्वास घेतो,
आणि पाव सेकंदानं
तीन छात्या भरतात.

मी दिवसभर उशीर मोजत होते.
हा आधी येणारा.

सकाळी तोच दारात, टोपी हातात.
सापडला का गं तुझा ड्रायव्हर?
सापडला, म्हटलं. चौथ्यावर बसला होता.

तो काही बोलला नाही.
खिशातून चार हेझलनट काढून
पेटीवर ओळीनं ठेवले,
जरा वेळ बघत राहिला,
आणि एक परत उचलला.