विरजण

स्विंडनच्या सांडपाण्याच्या टाकीत
कालचा गाळ आज परत सोडतात,
विरजणासारखा.
नेव्हिलला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला,
म्हणजे आपण गवळीच की.

सोमवारी फेस आला, पार कठड्यापर्यंत,
लॅव्हेंडरच्या वासाचा.
अमोनिया उतरेना.
काचपट्टीवर घंटेएवढुशे जीव
देठ आखडून बसलेले,
दारं लावून घेतल्यासारखे.

अहवालात नावं आली :
ट्रायक्लोसान, आयबुप्रोफेन,
आणि ती एक, झोपण्याआधी मी घेते ती,
पांढरी, अर्धी.

माझं जे दुखतं
ते जंतूंनी का पचवावं?

नेव्हिल हवा वाढवतो.
मी भिंगाला डोळा लावून थांबते.
एक देठ
सुटतो जरासा,
परत मिटतो.