भांडुपच्या थोडं वर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नायटा नाही, खरूज नाही,
वय आहे.
तरी कागदभर लिहून दिलं.

कडकडीत पाणी बंद.
अंग भाजल्याशिवाय
मला कधी आंघोळ झाल्यासारखी वाटली नाही,
आता कोमट, पाच मिनिटं, साबण काखेपुरता,
आणि टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं.
शाई टिपतात तसं, हे म्हणाले.

ह्यांना ते ठाऊक.
छत्तीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढले,
जमिनीखालच्या नळांचे, एकास पाचशे.
कुठल्या गल्लीखाली कुठला व्हॉल्व्ह
अजून झोपेत सांगतील.
चष्मा कुठे ठेवला ते विचारू नका.

जानेवारीत समोरची बत्तीस नंबर पाडली.
हिरव्या जाळीतून कन्नमवार नगरभर चुना उडतो,
गॅलरीतल्या परकरावर बसतो,
आणि रात्री अडीचला
माझ्या अंगावर जागा होतो.

नडग्या मी खाजवून पांढऱ्या केल्या,
पाटीवर पोरानं रेघोट्या ओढाव्यात तशा.
हात पोचेल तिथवर आपलं राज्य.
पण पाठीत एक जागा आहे,
वरून जावं तर कोपर अडतं,
खालून जावं तर खांदा.
दाराच्या चौकटीला घासून पाहिली, म्हशीसारखी.
शेवटी माळ्यावरची लाकडी पट्टी काढली.

"काय करतेस?"
"काही नाही."
"टी-स्क्वेअर आहे तो माझा."

मुलाच्या लग्नात आमच्या दोन खाटा झाल्या,
हे भिंतीकडे, मी खिडकीकडे, हॉलमध्ये.
मुलगा खारघरला गेला,
खाटा होत्या तिथंच राहिल्या,
मधे स्टूल, स्टुलावर तांब्या.
अकरा वर्षं.

त्या रात्री हे तांब्या ओलांडून आले.
"कुठे?"
"वर. इकडे. नाही हो, तिथं नाही."
"इकडे म्हणजे कुठे? नीट सांग."
मी वैतागून म्हटलं,
"मुलुंडला काय करताय? भांडुपला या!"

हात थांबला.
मग निघाला, आणि अचूक आला.
"कॉम्प्लेक्सच्या वर की खाली?"
"थोडं वर."
"हां."

तेव्हापासून मान म्हणजे दहिसर, कंबर म्हणजे कुलाबा.
मलम पवईपासून सुरू होतं,
उतारानं कुर्ल्याकडे येतं.
मालाडला एक चामखीळ सापडली,
ती नकाशात नव्हती म्हणाले.
फोर्टात काही खाजत नाही,
तरी एक फेरी मारून येतात.

ह्यांचे डोळे माझ्याकडे.
वाळू गेल्यासारखे खुपतात आणि दिवसभर गळतात.
कोरडे आहेत म्हणून गळतात, असं डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला.
मला पटेना. ह्यांना लगेच पटलं:
"पुरवठा बंद आणि गळती चालू,
खात्यात हे रोजचंच होतं."

स्वतः थेंब घालायचे तेव्हा एक मिशीत,
एक कानात, एकदा तर चहात.
आता मी खालची पापणी ओढते,
इवलासा खिसा होतो, त्यात एक.
"वर बघा. पंख्याकडे."
"पंखा बंद आहे."
"बंद पंख्याकडे बघा."
मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं.
हातांचं काय करावं ह्यांना सुचत नाही,
माझ्या गुडघ्यावर ठेवतात.
बाटलीवर लिहिलंय, उघडल्यापासून तीस दिवस.
तारीख मी कॅलेंडरवर मांडते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

मुलगा म्हणतो, एसी लावून देतो.
एसीनं कातडी वाळते रे, म्हटलं, नको.
खाटा मात्र मी सरकवल्या,
केर नीट निघतो म्हणून.

काल खाज नव्हती.
तरी अडीचला जाग आली.
समोर जाळी वाऱ्यानं फडफडत होती,
हे कुशीवर, डोळे मिटून, पण झोपलेले नाहीत,
तेवढं कळतं.

मी म्हटलं, "घाटकोपर."