पन्नास ग्रॅम

मी हुपरीचा. चांदीची तार
जंतरातून ओढण्यात सव्वीस वर्षं गेली.
तुटली तर डाक देतो,
अडली तर तापवतो, म्हणजे ती सगळं विसरते.

दर महिन्याला वृषालीला घेऊन कोल्हापूर.
एसटी, मग राजारामपुरी, आठवी गल्ली,
जिना चढून डॉक्टर इंगवलेबाईंकडं.
अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते.
तिसऱ्या खेपेला मी बोललोच,
"बाई, जरा जास्त आवळा की,
फेऱ्या तरी कमी होतील."

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, दात काय खिळ्यासारखा हाडात ठोकलेला नसतो.
बारीक धाग्यांच्या झोळीत टांगलेला असतो.
हलकं ढकललं, की ज्या अंगाला तो झुकतो
तिथलं हाड विरघळत जातं,
मागं धागे ताणतात
आणि सुटलेल्या जागेत नवं हाड धरतं.
फार जोर लावला तर झोळीच चेपते,
रक्त पोचत नाही,
दात हट्टानं तिथंच उभा राहतो, आठवडेच्या आठवडे.
कधी मूळच झिजतं.

"मग किती जोर?"
"पन्नास ग्रॅम. थोडं मागं-पुढं."

घरी येऊन काट्यावर
पैंजणांचा एक बारका जोड ठेवला,
तान्ह्या पोरीच्या पायातला.
एकावन्न भरला.
तळहातावर घेऊन बसलो बराच वेळ.
एवढ्यानं हाड वाट देतं?

त्या रात्री पोरीनं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.
भडंगाचा डबा स्वतःच वरच्या फळीवर ठेवला.
दोन वाजता उठवून म्हणाली, पप्पा, दात हलतोय.
हलू दे, म्हटलं.
आणि मलाच भीती वाटली.

फटीचं सांगायचं राहिलं.
पुढच्या दोन दातांतली फट, ती माझी.
माझ्याच तोंडातून तिच्यात उतरलेली.
दोन्ही हात गुंतले, की तारेचं टोक
मी त्या फटीत धरतो.
लहानपणी तीही धरायची, शेजारी बसून, चाळा म्हणून.

वीस महिन्यांनी तारा निघाल्या.
बाईंनी बजावलं, नवं हाड कोवळं आहे,
जुने धागे अजून मागं ओढतात,
रात्री पट्टी घालायचीच.

काल ती माझ्याशेजारी बसली.
तारेचं टोक उचलून दातांत धरायला गेली.
घसरलं.
पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.
माझ्याकडं बघून हसली, सगळे दात दाखवत,
आणि चिमटा शोधायला लागली.