तिसऱ्या थराखाली

दारूखान्यात नुसतं डोकं आलं होतं,
धड कुठल्या गावी वितळलं कुणास ठाऊक.
तोफेची नळी मुळाशी कापलेली, झाकण उघडं,
आत चिमण्यांच्या काड्या, कापूस, एक बिडीचं बंडल.
इस्माईल कटर म्हणाला, पेंटर, जरा बघता का,
ह्याच्या गालावर काहीतरी लिहिलंय.
मला वाचता येत नाही
आणि न वाचता जाळायला हात होत नाही.

मी भाऊच्या धक्क्यावर लाँचींची नावं लिहितो.
पुसतोही. बोट विकली गेली
की नवा मालक आधी तेच काम सांगतो.
म्हणून पत्री घेतली, थिनरचा बोळा घेतला
आणि बसलो लोखंडाच्या गालाशी,
न्हाव्यासारखा.

वरचा थर हिरवा, सरकारी.
त्याखाली स्टेन्सिलनं मारलेलं 'वज्र'.
अक्षरं सारखी, सुटी सुटी,
कवायतीला उभी केल्यासारखी.
हे कुणी प्रेमानं लिहिलेलं नाही,
एवढं तीस वर्षांत कळायला लागतं.

त्याखाली वाळूचा रंग आणि गुरुमुखी.
वजनकाट्यावर ट्रेलर लावून
बलकार सिंग चहा पीत होता, त्याला हाक मारली.
ग्लास हातात घेऊनच आला. वाचलं. 'निक्की.'
निक्की म्हणजे?
म्हणजे धाकटी. घरातली लहान.
मग त्या धुडाला एक फेरी मारून आला
आणि म्हणाला, एवढी मोठी निक्की!
हसला. चहा तसाच ठेवून गेला.

मला वाटलं, संपलं.
पण पत्रीला अजून मऊ लागत होतं.

गजरा.

आपल्या अक्षरात. पांढऱ्या सफेद्यानं,
ब्रश बहुतेक दाढीचा, केस अजून चिकटलेला.
ग चं पोट फुगलेलं, ज ला घाई,
रा कडीपाशी पोचला तेव्हा जागाच उरली नव्हती,
म्हणून काना अंग चोरून उभा,
भरलेल्या खोलीत दाराशी उभा राहतो
तसा नवीन पाहुणा.
हा माणूस पेंटर नव्हता.
ड्रायव्हर असेल, गोळे भरणारा असेल,
सातारकडचा, नाहीतर नगरचा.
गजरा कोण?
बायको म्हणावं, तर साहेबानं लिहू दिलं असतं?
म्हैस असेल. आमच्या मावशीच्या म्हशीचं नाव हेच होतं.
किंवा कुणीच नसेल,
नुसता गजरा, केसात माळायचा,
नळीला बांधायला मिळाला नाही म्हणून लिहिलेला.

पोपटशेठना विचारलं, एवढा तुकडा द्याल?
म्हणाले, घे की, किलोच्या भावानं.
चार बोटं जाड पोलाद. हातगाडीचं चाक बसलं असतं.
आणि रंगाचे काही वेगळे कापणार नाही हो, म्हणाले,
ते आपल्याकडून.

मग बटर पेपर लावून खाका उतरवला.
तिन्ही नावांचा. वज्रचासुद्धा,
त्याला एकट्याला कशाला वगळा.
इस्माईलनं चष्मा खाली ओढला.
ज्योत लागली तसा आधी हिरवा फुगला,
मग वाळू,
पांढरा सगळ्यात शेवटी, पापडासारखा.
तो म्हणाला, जाड आहे, दोन दिवस खाणार.
दोनच दिवस खाल्ले.

काल हरेश्वर तांडेलची बोट ओढून ठेवली होती.
नाव ठरलेलं: 'धनलक्ष्मी', पिवळ्यात, लाल सावली.
त्याला म्हटलं, तू जेवून ये.
खडू घेतला आणि फळीवर आधी लिहून बघितलं
गजरा.
सरळ आलं.
पुसलं. डाव्या हातानं लिहिलं,
तरी ओळ सुटेना.
डोळे मिटले, गुडघ्यावर बसलो, घाई केली,
मागून कुणी हाक मारतंय असं धरून चाललो.
काना प्रत्येक वेळी पुरा.
ऐटीत, मोजून, पुरा.

हरेश्वर जेवून आला तेव्हा
फळी खडूनं पांढरी झालेली.
म्हणाला, काय रे, अजून सुरुवात नाही?